तुमची ओढ फार आहे

तिला सगळे लवंगी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की लवंगी. अंगाने बारकी, उंचीला बेताची, आणि चावली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता, तिथे ती चादरींवर होती. धुऊन निघालेली ओलसर चादर दोघींनी समोरासमोर उभं राहून धरायची, दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. एक झटका द्यायचा, मग दोघींनी सारख्याच जोराने ताणायची, म्हणजे सुरकुत्या निघतात आणि काठाला काठ जुळतो. मग पुढे येऊन घडी घालायची आणि चादर इस्त्रीच्या गरम रुळांकडे. हे काम जोडीचं. आणि लवंगीला जोडी टिकत नव्हती.

ती झटका द्यायची तो असा, की समोरचीच्या हातून टोकं सुटत, नाहीतर ती बिचारी चादरीसकट पुढे फरफटत येई. वर पुन्हा, "जेवून येत नाहीस का घरून?" एकीने नखाचं निमित्त काढलं, एकीने खांद्याचं. एक तर मुकादमाला सरळ म्हणाली, "मला मळक्या कपड्यांच्या ढिगात टाका, रक्तापुवाचं सगळं निवडते, पण हिच्यासमोर उभी करू नका." मुकादम शांत माणूस. शांत म्हणजे घाबरट. तो म्हणाला, "बघू," आणि चष्मा पुसत बसला.

राग हा काही लवंगीचा शौक नव्हता. नवरा गेला तेव्हा ती ऐन तिशीत, पदरात एक लेक. दीर घर लाटायला आला, शेजारी भिंत सरकवायला आला, दुकानदार मापात मारू लागला. एकेकाला तिने नुसत्या आवाजावर उंबऱ्याबाहेर ठेवलं. नवऱ्यामागे रागच त्या घरचा कर्ता पुरुष झाला म्हणा ना. आणि कर्त्या पुरुषाला 'आता पुरे' असं कोण सांगणार? दीर परत गेला, शेजारी वठणीवर आला, मापं भरली, पण राग काही निवृत्त झाला नाही. दुसरं कुणी सापडेना म्हणून तो लेकीवर हुकूम चालवू लागला.

लेकीने एका वायरमनशी लग्न केलं. मुलगा वाईट नव्हता. आधी विचारलं नाही, एवढाच गुन्हा. दोघं दारात आली तेव्हा लवंगी म्हणाली, "आज या दारातून गेलीस ती गेलीस. मी मेले तरी येऊ नकोस." रागाच्या भरात असं कोण बोलत नाही? पण लेक तिचीच. तिने आईचा शब्द खाली पडू दिला नाही. दोन वर्षं होत आली. ना पाऊल, ना फोन.

आणि एके दिवशी जावई धुलाईखान्याच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. खिशातून टेस्टर डोकावत होता, आणि चेहरा असा, की झटका अजून बसायचाय पण बसणार हे ठाऊक आहे.

"आई, जरा बोलायचं होतं."

"आई कुणाची?"

त्याने एका दमात सांगून टाकलं. तिला सातवा महिना आहे. डॉक्टरांनी पूर्ण झोपून राहायला सांगितलंय, पाणी घ्यायलासुद्धा उठायचं नाही. त्याला कामावर जावंच लागतं, आणि त्याच्या मागेपुढे कुणी नाही. "ती म्हणाली, आईला विचार. बाळ होईपर्यंत राहाल का, म्हणून."

लवंगीच्या हातातली ट्रॉली थांबली. इथे तो थांबला असता तर किती बरं झालं असतं! पण अर्धी वायर जोडून ठेवायची त्या मुलाला सवय नव्हती.

"फक्त एक आहे. ती म्हणाली, आईचा आवाज चढला तर त्याच दिवशी परत. डॉक्टर म्हणालेत, जिवाला त्रास नको तिच्या."

"अट?" लवंगी म्हणाली. "मला अट? नऊ महिने पोटात वाहिली तिला, तेव्हा मी घातली होती का अट, की लाथा मारशील तर बाहेर?"

आतली यंत्रं चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. जावई दोन पावलं मागे सरला. "रविवारी येतो आई, न्यायला. नाही आलात तर तसं सांगतो तिला."

"सांग जा! आत्ताच सांग!" हे ती ट्रॉलीवर ओरडली, कारण तो तोवर गेला होता.

त्या दिवसापासून ती एका जागी टिकेना. घासलेली भांडी पुन्हा घासायला काढी. पिशवीत दोन लुगडी, कंगवा, औषधाची बाटली भरी, आणि पाणी प्यायला उठली की पिशवी उपसून ठेवी. बसमध्ये बसायला जागा असून दांडा धरून उभी राही. जायचं तर होतंच. प्रश्न जायचा नव्हता, टिकायचा होता. ती स्वतःला पुरती ओळखून होती. किती वेळ टिकेल आपलं तोंड? संध्याकाळपर्यंत? की पहिला चहा उतू जाईपर्यंत? न जाणं एकदाचं परवडलं. पण जाऊन, लेकीचं तोंड बघून, पिशवी उचलून परत यायचं म्हणजे मग आयुष्यात पुन्हा बोलावणं नाही. "देवा," ती बसच्या दांड्याला धरून मनात म्हणायची, "तूच सांग काय करू." देवालाही ती तूच म्हणे. ते एक बरं होतं, देवाला सगळेच म्हणतात.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून एक बाई धुलाईत बदलून आली. थोराड, संथ, पायांना सूज. तिला काहीही सांगा, ती म्हणायची, "होईल." हा ढीग दुपारपर्यंत होईल का? होईल. लिफ्ट बंद आहे, जिन्याने न्यावं लागेल. होईल. दुपारपर्यंत तिचं नाव होईलबाई पडलं, आणि मुकादमाने हळूच तिला लवंगीसमोर उभं केलं. बाकीच्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या. इस्त्रीवाला तर रुळांमागून मान उंच करून उभा, जसा काही आता कुस्तीचा फड लागणार.

लवंगीने झटका दिला. होईलबाईच्या हातून टोकं सुटली नाहीत, आणि ती फरफटलीही नाही. झटका आला तशी ती आपणहून एक पाऊल पुढे आली आणि झटका वाऱ्यावर गेला. दुसरी चादर, तेच. तिसरी, तेच. लवंगीला कसंनुसं झालं. उघडं असलेलं दार जोरात ढकलावं आणि तोल जावा, तसं. मग तिने सगळा जोर लावून ओढलं.

तेव्हा होईलबाई पुढे आली, टोकं धरूनच थांबली, आणि सहज म्हणाली, "बाई, तुमची ओढ फार आहे."

लवंगीचे हात खाली आले.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? हाताला कळतंय की माझ्या."

"हाताला?"

"मग? मी समोर उभी, सगळं माझ्याकडेच येतंय. एवढी ओढ बरी नव्हे बाई. समोरच्याच्या हातून सुटतं अशानं. नाहीतर फाटतं."

लवंगी मागच्या चादरींच्या गासडीवर बसली. बसली म्हणजे कोसळलीच. "फाटलंच आहे गं," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. ओढ नसती तर एवढी ओरडले असते का मी तिच्यावर?" आणि मग सगळं बाहेर आलं. दारात काय बोलली ते, लेक जिना उतरून जाताना तिच्या पाठीकडे बघत उभी होती ते. लेकीला लहानपणी ताप आला की ही रागवायची, "पावसात कशाला गेलीस," आणि रागवता रागवता तिच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलायची, ते. आता बोलावणं आलंय आणि जायची भीती वाटते, ते. होईलबाईने चादर हळूच एकटीने गोळा केली, खांद्यावर टाकली, आणि शेजारी बसून ऐकत राहिली. मध्ये एकदा ती म्हणाली, "मग?" आणि एकदा म्हणाली, "अगं बाई." बाकी काही नाही.

ही गोष्ट तिथेच राहिली असती. पण पुरुषाच्या जातीला हसू कुठे आवरायचं ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला म्हणाला, "काय गं, काल मजा केलीस हं! ती चादरीच्या ओढीचं बोलत होती, आणि तू गासडीवर बसून लेकीचं पुराण लावलंस!"

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. कानापासून मानेपर्यंत लाल होत ती होईलबाईकडे गेली. "माझी फजिती केलीस! चार माणसांत!"

"मी कुठे केली?"

"तू चादरीचं बोलत होतीस!"

"चादरीचंच."

"मग सांगितलं का नाहीस? अडवायचं होतंस मला!"

होईलबाई उशांचे अभ्रे उलटे करत होती. तिने हातातला पुरा केला. "अडवलं असतं तर तू माझ्यावर ओरडली असतीस, आणि उरलेलं पुन्हा पोटात गेलं असतं. चादर काय, मागाहून झाली असती. झालीच की."

भांडणाला सगळं तयार होतं, आणि समोर भांडायला कुणी नव्हतं. एवढं ऐकून घेऊन ही बाई ना हसली, ना तिने उपदेश केला, ना गावभर केलं. तिला आपलं काय पडलं होतं? कालपर्यंत ओळखही नव्हती. लवंगीला एकाएकी तिच्या पायांची सूज दिसली. काल झटके खाताना ती या पायांवर पुढे-मागे होत होती.

"बस जरा," लवंगी म्हणाली. तिच्या आवाजात ते दरडावल्यासारखंच आलं, पण होईलबाईला समजलं. ती बसली, आणि म्हणाली, "रविवारी जाणार आहेस ना?"

"कशी जाऊ? तोंडाला कुलूप कुठे मिळतं?"

"सवय करायची. होईल."

आणि खरोखरच तिने सवय करायला घेतली, तिथल्या तिथे, चादरी ताणता ताणता. होईलबाई लेक झाली. "आई, भाजी खारट झाली."

"मग तूच कर! आयतं मिळतं त्यात—"

"गेली!" इस्त्रीवाला रुळांमागून ओरडला. "पिशवी भरा सासूबाई, बस सुटते!"

बायका फिदीफिदी हसल्या. लवंगी त्याच्याकडे वळली, तर होईलबाईने चादर जराशी हलवून तिला आपल्याकडे आणलं. "पुन्हा. आई, भाजी खारट झाली."

"...बरं." हा शब्द तिच्या तोंडातून दाढ उपटावी तसा निघाला.

मग सगळ्यांनाच चेव आला. ज्यांनी ज्यांनी तिचे झटके खाल्ले होते, त्यांना देवाने संधी दिली होती. खांदा दुखणारी म्हणाली, "आई, तुझा स्वयंपाक जुन्या पद्धतीचा वाटतो." नखवाली म्हणाली, "आई, बाळाला असं धरत नाहीत." इस्त्रीवाला जावई झाला, "सासूबाई, टीव्हीचा आवाज कमी करा," आणि तिने त्याला ओला अभ्रा फेकून मारला. यावर बराच वाद झाला. अभ्रा मारणं म्हणजे आवाज चढणं की नाही? शेवटी मुकादमाने चष्मा पुसून निकाल दिला की अभ्रा मुका असतो. मग त्यालाच हुरूप आला. "मी डॉक्टर होतो," तो म्हणाला. "आजीबाई, तुम्ही बाहेर थांबा."

"आजीबाई कुणाला म्हणतोस रे—"

"गेली!" सगळा धुलाईखाना एका सुरात.

ती चिडली, आणि चिडता चिडता हसली. तिथल्या कुणीही तिचे पुढचे दात यापूर्वी पाहिले नव्हते. पण आतून ती हसत नव्हती. दर 'गेली'बरोबर ती मनात लेकीच्या दारातून पिशवी उचलून परत येत होती.

"जमणार नाही मला," शनिवारी ती होईलबाईला म्हणाली. "राग गिळते, पण तो खाली जात नाही. इथे अडकून बसतो."

"गिळायला कुणी सांगितलं? राग आलाय, एवढं म्हणायचं. लहान वाक्य आहे. ओरडायला पुरत नाही."

लवंगीने मुकादमाकडे रजा मागितली. तो इतक्या झटकन 'घ्या, घ्या' म्हणाला, की ती पुन्हा भडकणार होती.

लेकीचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंग असा लावलेला की पडल्या पडल्या स्वयंपाकघर दिसावं. लेकीचे गाल सुजले होते, पोट डोंगराएवढं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आलीस?" लेक म्हणाली. "आले," लवंगी म्हणाली. मिठ्याबिठ्या त्या घराण्यात नव्हत्याच. लवंगीने सरळ पदर खोचला आणि केरसुणी शोधली.

पहिले दिवस ती पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरली. बसली तर विचार येई, विचार आला तर जीभ वळवळे; म्हणून बसायचंच नाही. फरशी पुसली, नळाची चाळणी काढून घासली, पंख्याची पाती धुतली. जावयाने एकदा ओला टॉवेल गादीवर टाकला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला राग आलाय." तो टॉवेल घेऊन असा पळाला की त्या दिवशी वाळत घालायची दोरी त्याने नवीन बांधली. लेक पलंगावरून हे सगळं बघत होती. आई कधी फुटते याची वाट बघत असल्यासारखी तिची नजर लवंगीच्या पाठीवर असायची, आणि लवंगीला ती टोचायची.

मग एका दुपारी लवंगीने स्वयंपाकघरातले डबे लावले. तिला वाटलं, वरच्या फळीवर हात पोचत नाही, आता बाळ आल्यावर पोरीने स्टुलावर चढायचं की काय? तिने चहा-साखर खाली घेतली, डाळी वर टाकल्या. शेवटचा डबा ठेवला आणि मागून आवाज आला.

"चहाचा डबा कुणी हलवला?"

"मी. खाली बरा. हाताशी येतो."

"तुला कुणी सांगितलं होतं?" लेक कोपरावर उठून बसू लागली. "माझं घर आहे हे! मी लावलंय सगळं! इथेही तुझंच चालणार का? तिथे माझी वेणीसुद्धा तुझ्या मनासारखी, आणि इथे आता डबे! मेले तरी येऊ नकोस म्हणाली होतीस ना? मग तू कशाला आलीस? बोल ना, कशाला आलीस?"

लवंगीचा राग तळपायातून निघाला. तिला तो चढताना कळत होता, गुडघे, पोट, छाती. इतके दिवस वेचून वेचून घर झाडलं त्याचं हे? तिने श्वास भरून घेतला.

आणि तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. लेकीचा, अजून चालूच होता. शेवटचा शब्द तसाच ओढलेला, मध्ये श्वास तसाच तुटलेला, वरच्या पट्टीत जाताना तोच चरा. हा आवाज तिने जन्मभर काढला होता. पण त्याच्यासमोर उभं राहून तो ऐकायची वेळ तिच्यावर आली नव्हती. ती घाबरली. खरोखर घाबरली; हातातलं फडकं तिने छातीशी धरलं. आणि एवढीशी होती तेव्हा लेक कुठे उभी राहत असेल? कशाला धरून?

धुलाईखान्यात सगळ्यांच्या भूमिका झाल्या होत्या. ही, ओरडणाऱ्या लेकीची, कुणी केली नव्हती. 'बरं' तोंडात येईना, आणि राग आलाय म्हणावं तर आता तो नेमका रागही नव्हता.

"म्हणाले होते मी तसं," ती शेवटी म्हणाली. "ते खोटं होतं. तू गेलीस त्या दिवसापासून मी दाराला कडी लावली नाही."

लेक उशीत तोंड घालून रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आता मीच ओरडले. मग मी कुठे जाऊ?"

"कुठे जाणार? डॉक्टरने तुला उठायला बंदी केलीय."

उशीतून जो आवाज आला तो हुंदका की हसू ते कळेना. लेकीने पोट धरलं. "हसवू नकोस, तो लाथ मारतो आतून."

"बाळाला बोल, मला नको. नीट पड आधी." हे जरा मोठ्यानेच गेलं. दोघी थांबल्या. लेकीने डोळे बारीक करून आईकडे पाहिलं. लवंगीने जीभ दाताखाली धरली. लेक आडवी झाली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "डबे परत लाव."

"लावते की."

"चहा वरच्या फळीवर."

लवंगीने स्टूल ओढलं. तिच्या मते हा शुद्ध वेडेपणा होता, आणि ते सांगायला तिची जीभ शिवशिवत होती. ती चढली, डबा ठेवला.

"तिथे नाही. डावीकडे. अजून. पोह्यांच्या मागे नाही, पुढे!"

कपाळाची शीर उडायला लागली होती. लवंगीने डबा पुन्हा उचलला, आणि मान वळवून, दात आवळून विचारलं,

"पुढे म्हणजे किती पुढे?"